शेषरावचा फोन आणि उजवा इंडिकेटर

जीपच्या सीटखालचं मॅटिंग कधी उचलून पाहिलंय का? शेंगांची टरफलं निघतात, केसांच्या पिना निघतात, एकाच पायातलं जोडवं निघतं. एकदा तर अर्धी कवळी निघाली होती, आणि ती न्यायला कोणी आलंच नाही! मुद्दाम कोणी टाकत नाही, पण साचत राहतं. आमच्या स्टँडवरचे किस्से असेच साचलेत. मॅटिंग उचललं की हजर.

मी किसन. जानेफळच्या काळी-पिवळी जीपांच्या स्टँडवर बरीच वर्षं मी 'नंबर लावायचं' काम केलं. म्हणजे जी जीप आधी आली तिचं नाव वहीत आधी लिहायचं, ती भरली की मेहकरला सोडायची, मग पुढची. लिहिणं सोपं आहे हो, पण त्यावरून होणारी भांडणं मिटवायला तोंड लागतं. ते मला देवानं मोप दिलंय.

आणि मॅटिंग उचललं की सगळ्यात आधी हाताला लागतो तो शेषरावचा फोन.

*

शेषराव आमच्या लाइनीतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. जीप स्वतःची, मिशा झुपकेदार आणि मन एकदम लोण्याचं. त्याला एकच पोरगी, वर्षा. ती मेहकरच्या कॉलेजात शिकायची आणि रोज बापाच्याच जीपमध्ये, बापाच्या बरोब्बर मागच्या सीटवर बसून जायची.

तिला पाहायला देऊळगाव राजाचे पाहुणे आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, 'स्वैपाक येतो का' विचारलं आणि निघताना मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो."

आता 'कळवतो' म्हणजे काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. कळवतो म्हणजे नाही! पण शेषरावला कळेल तर शपथ. महिना झाला, दोन झाले, हा आपला वाट पाहतोय.

मी म्हटलं, "शेषराव, सोड आता तो नाद."

तर माझ्यावरच भडकला. "काऊन सोडू? मानूस शब्द देऊन गेला बे! कळवतो म्हने. आता आपल्याजवळ फोनच नाही, तं त्यानं कळवावं कुठी?"

गावात टॉवर नुकताच उभा राहिला होता. शेषराव दुसऱ्या दिवशी फोन घेऊन आला आणि नंबर पोस्टकार्डावर लिहून देऊळगाव राजाला धाडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "माह्याच्यानं पोरीचं अडलं, असं नको व्हाले, किसना." मला हसू येत होतं, ते मी गिळलं.

*

फोन तर आला, पण ठेवायचा कुठं? खिशात ठेवला तर डिझेल इंजिनाच्या आवाजात रिंगच ऐकू येईना. म्हणून शेषरावनं तो डॅशबोर्डवर ठेवला, बालाजीच्या फोटोसमोर. पहिल्याच वळणावर फोन घसरला आणि पुढच्या सीटवरच्या साळूबाईच्या टोपल्यात पडला. टोपल्यात वांगी होती. कोणाच्या लक्षातच आलं नाही! साळूबाई टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात गेली.

तळाशी चार वांगी उरली होती, तेव्हा भर बाजारात टोपलं वाजायला लागलं.

"व माय! वांग्यात कोन बोलून राह्यलं वं?"

शेजारच्या भाजीवालीनं बटण दाबून तिच्या कानाला लावून दिलं. पलीकडून कोणीतरी माणूस विचारत होता, "काय ठरलं मग?"

साळूबाई ठणकावून म्हणाली, "काई ठरवाचं नाही आता. होते नवते सारे सरले. उद्या सकायी ये!"

फोन परत मिळाला, पण तो नंबर कोणाचा होता ते शेवटपर्यंत समजलं नाही. शेषरावनं मात्र ठरवूनच टाकलं की तो देऊळगाव राजाचाच होता. दोन दिवस जेवला नाही बिचारा. आणि तिसऱ्या दिवशी फोन घेऊन हबीबभाईकडं गेला.

*

हबीबभाई म्हणजे स्टँडमागचा वायरमन, वेल्डर, पंक्चरवाला, सगळं एकच. तेव्हा गाडीत फोन लावायचा होल्डर आमच्या भागात कोणी पाहिलासुद्धा नव्हता. हबीबभाईनं तेलाच्या पिप्याचा पत्रा कापला, त्याचा डबा वळवला, आत सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं आणि अख्खं प्रकरण डॅशबोर्डला रिबिटं ठोकून बसवलं. फोनची फक्त बटणं आणि स्क्रीन दिसत होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसलं काम!

"शेषरावभाऊ, अब फिकर नको. गाडी पलटी झाली, तरी फोन नाही निंघनार!"

हबीबभाईचा शब्द म्हणजे शब्द. फोन खरंच निघेना. कोणाकडूनच निघेना! पिन घाला, पेचकस घाला, तेल सोडा. रबरानं जे धरलं ते धरलं. त्यात कानाला लावायची जागा पत्र्याखाली गेली, म्हणून वर्षानं फोन कायमचा स्पीकरवर करून दिला.

मग काय, फोन जीपमध्ये आणि जीप अंगणात. शेषरावची बायको रोज संध्याकाळी जीपमध्ये बसून माहेरी बोलायची. बहिणीचं गाऱ्हाणं गल्लीभर ऐकू जायचं. एकदा भावजयीबद्दल बोलता बोलता रागानं तिनं हात आपटला तो नेमका हॉर्नवर. पलीकडून बहीण म्हणाली, "बाई, रस्त्यात उभी राहून नको बोलू वं, गाडी येऊन राह्यली!"

*

आता चार्जिंग. फोन घरात नेता येत नाही म्हटल्यावर जीपमध्येच चार्ज करायला हवा. हबीबभाईनं भंगारातल्या कुठल्याशा मोटारीचा सिगारेट पेटवायचा सॉकेट काढून आणला, डॅशबोर्डला भोक पाडलं आणि जी वायर आधी हाताला लागली तिला जोडून दिला.

ती वायर निघाली उजव्या इंडिकेटरची!

म्हणजे इंडिकेटर लावला की चार्जिंग चालू, बंद केला की बंद. तेही सलग नाही. इंडिकेटर लुकलुकला की फोन 'टुक' वाजणार, विझला की गप्प. टुक, गप्प, टुक, गप्प! शेषरावनं रस्ताभर इंडिकेटर लावून ठेवला. जानेफळ ते मेहकर.

एक दिवस एका हवालदारानं मोटारसायकल आडवी घातली. लालबुंद झाला होता माणूस. "चार किलोमीटरपासून तुह्या मागं आहो मी! वाटते, आता वळन, मंग वळन. ओव्हरटेक करता येऊन नाही राह्यला. वळाचं आहे तं वळत काऊन नाही बे?"

शेषराव हात जोडून म्हणाला, "साहेब, वळाचं नाही. पोरीचं लग्न जमवाचं आहे."

मग वर्षानंच मागून सगळी हकिगत सांगितली. हवालदारानं वाकून तो पत्र्याचा डबा पाहिला, टुक-टुक ऐकली. मग खिशातून स्वतःचा फोन काढला.

"मेहकरपर्यंत माहाही लावून दे."

तेव्हापासून सगळ्या रस्त्याला कळलं, की उजवीकडं लुकलुकत येते ती जीप सरळ जाते. खरंच उजवीकडं वळायचं असलं की शेषराव हात बाहेर काढायचा.

*

रोज मेहकरला जाणाऱ्या नामदेव आबाचा किस्सा लहानच आहे. त्यांनी सॉकेटकडं बोट दाखवून विचारलं, "हे भोक कायचं?" शेषराव सहज म्हणाला, "याच्यात सिगारेट पेटते, आबा."

आबांनी बिडी घातली. पेटेना, म्हणून कानातली पितळी कानकोरणी घालून कोरलं!

फ्यूज उडाला, हॉर्न गेला, आबा सीटवरून उडाले. वर परत शेषरावलाच म्हणतात, "सिगारेटची पेटत असन बाप्पा. गरिबाची बिडी नाही पेटत याच्यात!"

*

माझाही एक किस्सा सांगायला पाहिजे. नाहीतर म्हणाल, हा दुसऱ्यांचीच काढतो.

वर्ष होत आलं तरी फोन काही येईना. तेव्हा शेषरावनं स्वतःच विचारायचं ठरवलं. हॉटेलात जेवायला बसला होता. चष्मा नव्हता, हात भाजीनं माखलेले. मला पाहुण्यांच्या नंबराची चिठ्ठी देत म्हणाला, "किसना, पाव्हन्याईले विचारूनच टाकतो आता. गाडीत जाय अन् नंबर लाव. लागला की आवाज दे मले."

मी दहा वर्षं एकच काम केलेला माणूस. 'नंबर लाव' म्हटलं की माझा हात आपोआप वहीकडं जातो. पुढचं-मागचं डोक्यात शिरलंच नाही. मी चिठ्ठी खिशात घातली, वही उघडली, शेषरावची जीप लिहिली आणि लागलो कामाला.

अर्ध्या तासानं शेषराव हात पुसत धावत आला. चेहरा असा, की पोरगी बोहल्यावरच उभी आहे. "लागला का?"

"लागला ना!"

"मंग? काय म्हने?"

"काय म्हनन? चवथा आहे."

शेषराव मटकन बाकावर बसला. "चवथा? तीन पोरी पाह्यल्या का त्याईनं आपल्यानंतर?"

सगळं स्टँड हसलं. मीही हसलो, पण शेषराव हसला नाही. चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "राह्यलं. आपनच फोन केला तं पोरीची किंमत कमी होते. वाट पाहू." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. मलाही मेहकरला काम होतं, म्हणून वही दुसऱ्याकडं देऊन मी शेषरावच्या शेजारी बसलो होतो. माझ्या बाजूला साळूबाई, मांडीवर टोपलं. मागं वर्षा, नामदेव आबा आणि आणखी सात-आठ जण. इंडिकेटर लुकलुकतोय, फोन टुक-टुक करतोय.

आणि फोन वाजला.

शेषरावनं कचकन ब्रेक मारला. जीप लिंबाच्या झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं, टोपी सारखी केली. मी बटण दाबलं. सगळ्या जीपभर आवाज घुमला.

"हॅलो, शेषराव का? म्या देऊळगाव राजाहून बोलतोय. वळखलं का?"

"वळखलं! वळखलं ना, पाव्हने! बोला!" शेषराव सीटवर अर्धा उभा राहिला.

"जरा उशीरच झाला म्हणा. पण मुलगी आमाला पसंत हाय."

काय सांगू तुम्हाला! मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साळूबाईनं माझ्याच डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. नामदेव आबा ओरडले, "पेढे! पेढे!" शेषरावच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला म्हणतो, "पाह्यलं का भैताडा? म्हनलं नवतं, कळवतीन म्हनून?"

"हॅलो? लोकं हायेत का तिथं?" पाहुणे विचारत होते.

"घरचेच आहेत सारे! तुमी बोला."

"बोलायचं म्हंजी, आमचं तसं लई काही मागणं नाही. फकस्त पोराला गाडीची लई हौस हाय. ती जीप तुमच्याच नावावर हाय ना?"

जीपभर फक्त टुक, गप्प, टुक.

शेषरावनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. धूळ पुसतात तसा. मी त्याला वीस वर्षं ओळखत होतो. तो हो म्हणणार होता. उद्यापासून काय खाणार याचा विचार न करता हा माणूस हो म्हणणार होता! त्याच्या दंडाला धरावं वाटलं, पण पोरीच्या बापाला काय सांगणार आपण?

शेषराव फोनकडं वाकला. "हाव, नावावर तं माह्याच आहे..."

तेवढ्यात मागून वर्षाचा हात आला आणि बापाच्या खांद्यावर बसला. ती पुढं वाकली.

"नमस्कार. मी वर्षा. जिले तुमी पाहून गेले होते, ती."

"हां हां, बोल बेटा."

"तुमचा फोन आला, बरं वाटलं. आमी घरी बसतो सारे जन, इचार करतो."

"करा की, करा. मग?"

"मंग कळवतो."

फोन कोणी कट केला ते मला आजवर समजलं नाही. बटणावर माझं बोट होतं, साळूबाईचं होतं आणि मागून नामदेव आबाचीही कानकोरणी आली होती.

शेषरावनं खांद्यावरचा वर्षाचा हात थोपटला. मग उपरण्यानं तोंड पुसलं, जीप चालू केली. पुलापाशी आल्यावर त्यानं हात पुढं केला आणि इंडिकेटर बंद केला.

"शेषराव, अबे चार्जिंग!" मी म्हटलं.

"उतरली तं उतरू दे," शेषराव म्हणाला.