जॅकेटवर नाव माझं होतं

आमच्या डिटॅचमेंटचा, म्हणजे छोट्या तुकडीचा, मुक्काम तेव्हा नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यालगत, एका बंद कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर होता. अधिकारी दोन, जवान मोजके, जायरोकॉप्टर एक. कॉलेजच्या पोरापोरींना फौजेची गोडी लागावी म्हणून ते उडवून दाखवायचं, एवढं काम. मी हवालदार व्यंकट कदम, उमरी तालुक्यातला. ग्राउंडवरचा रेडिओ माझ्याकडे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. उमरी स्टेशनातून पॅसेंजरनं नांदेडला ये-जा करून बी.ए. केलं. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे.

माझा जोडीदार नाईक बसवराज बिरादार. त्याचं गाव निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला. दोघांचीही गावं जुन्या निजामाच्या राज्यातली, म्हणून युनिटमध्ये आम्हाला "निजाम की औलाद" म्हणून चिडवायचे. बसू हसायचा आणि म्हणायचा, "मग सलाम करा की जहाँपनाहांना."

जायरोकॉप्टर म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे. डोक्यावरचं मोठं पातं इंजिन उडताना फिरवत नाही, ते वाऱ्यानं फिरतं. इंजिनाचा पंखा असतो मागे, तो यंत्राला पुढे ढकलतो. वर छप्पर नाही. पुढे पायलट, त्याच्या पाठीमागे एक माणूस. मागचा पंखा चालू असताना खिशातला साधा पेन उडाला तरी त्याचं पातं फुटू शकतं. म्हणून बसण्याआधी खिसे रिकामे करायचे, हा आमचा पक्का नियम.

त्या दिवशी रेडिओ बसूकडे देऊन मागच्या सीटवर मी बसणार होतो. पट्टे बांधून झाले होते. ऊन चांगलंच चढलं होतं. पायलट आमचे मेजर साहेब. त्यांनी धावपट्टीकडे पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे.

"व्यंकट, उतरो. गर्मी है, पट्टी छोटी है. हल्का आदमी चाहिए. बसू बैठेगा."

बसू खदखदून हसला. "बी.ए.चं वजन हाय साहेब ते. इमानाला झेपंना झालंय."

मी उतरलो. मागच्या माणसासाठी जॅकेट एकच होतं, ते मी काढून त्याच्या अंगावर चढवलं. छातीवर माझ्या नावाची पट्टी, वेल्क्रोनं चिकटवायची असते ती. ती तशीच राहिली. फौजेत एकमेकांचे कपडे घालणं रोजचं आहे, त्याकडे कुणी बघत नाही. बसूनं मोबाइल, पाकीट, घड्याळ माझ्या हातात दिलं. गळ्यात त्याचं इष्टलिंग होतं. लिंगायत माणूस जिवंतपणी ते अंगावेगळं करत नाही. मेजर साहेबांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "वह रहने दो. अंदर रखो." बसूनं ते बनियनच्या आत सारलं आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

समोर कॉलेजची मंडळी उभी होती. एका न्यूज पोर्टलचा पोरगेला पत्रकार मोबाइलवर लाइव्ह करत होता.

"स्ट्रिप क्लिअर, विंड कॅल्म," मी रेडिओवर सांगितलं.

"रॉजर. रोलिंग."

यंत्र धावलं. नाक उचललं. चाकं जमिनीपासून सुटली, माणसाच्या उंचीएवढी वर गेली. तेवढ्यात कापसाच्या रानाकडून वाऱ्याचा एक झपाटा आला. त्याच्या आधी पान हललं नव्हतं, नंतरही हललं नाही. यंत्र डावीकडे कललं, पात्याचं टोक जमिनीला लागलं. एक कोलांटी खाऊन ते पुन्हा आपल्या चाकांवर उभं राहिलं. वरचं पातं नव्हतं. बाकी सगळं जागच्या जागी दिसत होतं.

माझ्या हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली. त्यांचं ट्रान्समिटचं बटण दबून अडकलं होतं, आणि उघड्या माइकमधून श्वास ऐकू येत होता. दोन हेल्मेटं, दोन माइक. श्वास एकच. मी पळत होतो आणि दुसरा श्वास शोधत होतो. पळताना माझाच श्वास मधे यायचा, म्हणून मी तो रोखून धरला.

मेजर साहेब बेशुद्ध होते, खांदा मोडलेला. श्वास त्यांचा होता. मागे बसू ताठ बसलेला. हात मांडीवर, हनुवटी छातीला टेकलेली, अंगावर ओरखडा नाही. गाडीत डुलकी लागलेल्या माणसासारखा. मान मोडली होती, ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

आम्ही दोघांना नांदेडच्या दवाखान्यात आणलं. तिथं सिस्टरनं जॅकेट बघून नाव लिहिलं, आणि मग चेन उघडल्यावर थबकली.

"नाव व्यंकट कदम, उमरी. पण गळ्यात लिंग कसं काय?"

"सिस्टर, व्यंकट कदम मी आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्ट्रेचरकडे, आणि एक पाऊल मागे सरली. मी पुढे होऊन छातीवरची पट्टी ओढली. त्या पट्टीचा चर्र आवाज एरवी कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या खोलीत तो फार मोठा झाला. माझं नाव मी खिशात टाकलं.

पण बातमी तोवर गेली होती. त्या पत्रकार पोरानं व्हिडिओ थांबवून, मोठा करून पट्टी वाचली होती. "हेलिकॉप्टर कोसळले, उमरीचे सुपुत्र व्यंकट कदम शहीद." दुसऱ्यानं विमान लिहिलं, तिसऱ्यानं ड्रोन. जायरोकॉप्टर कुणीच लिहिलं नाही. नाव मात्र सगळ्यांनी एकच लिहिलं.

आमच्या कॅप्टन मॅडमनी हुकूम दिला, "नो कॉल्स. पहले फॅमिली को ऑफिशियली खबर जाएगी." हुकूम बरोबर होता. मी व्हरांड्यात उभा राहिलो.

माझ्या खिशात बसूचा फोन वाजला. स्क्रीनवर "अव्वा". कानडीत आईला म्हणतात. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मॅडम बघत होत्या. मी फोन उचलला, बोललो काहीच नाही.

"बसू, बातमी बघितली रे बाबा. तुझा व्यंकट गेला की रं. लई चांगलं लेकरू व्हतं. तू रडू नको. जेवलास का? मी उद्याच्या गाडीनं उमरीला जाते, त्याच्या आईपाशी बसते. ऐकून राहिलास ना?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"कोण हाय?" ती हळूच म्हणाली. "हा माझ्या बसूचा श्वास न्हाई."

"अव्वा, मी व्यंकट."

मेलेला माणूस तिच्या मुलाच्या फोनवरून बोलतोय. दुसरी कुणी असती तर फोन फेकून दिला असता. तिनं तो धरून ठेवला.

"तू जित्ता हायस."

"हाव."

"मग माझा बसू कुठं हाय?"

मी सांगितलं. मॅडमनी मला थांबवलं नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मग त्याच म्हणाल्या, "अब अपने घर लगाओ." माझा फोन खिसे रिकामे करताना धावपट्टीवरच राहिला होता, म्हणून त्यांनी स्वतःचा दिला. घरी अंगणात बाया जमल्या होत्या, हे मला नंतर कळलं. एका थोरलीनं माझ्या बायकोचं मनगट धरलं होतं, बांगड्या फोडायला. सुनीता म्हणत होती, तोंड बघितल्याबिगर हात लावू देणार न्हाई. तेवढ्यात माझा फोन तिथं पोचला.

"कोण?"

"मी."

"मी कोण? आपल्या म्हशीचं नाव काय?"

"गवरी."

"मारकी का गरीब?"

"मारकी. तुलाच मारती फक्त."

पलीकडे तिचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हे, बायांसाठी. "उठा गं समद्या. चहा ठेवते." आणि तिनं फोन शेजारच्या हातात दिला.

आमच्याकडे मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढलं म्हणतात. गावचे लोक मला फोनवर तेच सांगत राहिले. वाढलं, वाढलं. मी हूं म्हणत होतो. स्ट्रेचर मला तिथून दिसत होतं.

संध्याकाळी फौजेचं निवेदन आलं. हलक्या विमानाला टेक-ऑफच्या वेळी अपघात, एकाचा मृत्यू, चौकशीचा आदेश. नाव नव्हतं. पोर्टलनं नंतर मजकुरात नाव बदललं, व्हिडिओ तसाच ठेवला. आजही तो कुणी उघडला तर जॅकेटवरच्या नावानं मीच टेक-ऑफ घेतो.

दुसऱ्या दिवशी बसूला घेऊन मी त्याच्या गावी गेलो. लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून पुरतात. पेटीतून काढून त्याला खुर्चीवर बसवलं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि वाजतगाजत शिवारात नेलं. मी शेजारून चालत होतो. मान खाली, हात मांडीवर. आदल्या दिवशी पाहिलेली तीच बैठक. खुर्ची हलली की मान हलायची, आणि मला वाटायचं आता हा हसणार. सलामी झाली. स्वामींनी त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. खड्ड्यात तो आमच्याकडे तोंड करून बसला.

लोकांनी मातीला हात घातला. अव्वा म्हणाली, "थांबा."

ती माझ्यासमोर आली. ठेंगणी बाई, डोळे कोरडे.

"काल समद्यांनी खोटं सांगितलं. ह्या गर्दीत निम्मे लोक अजून म्हणून राहिलेत, गेलं ते उमरीचं. माझं लेकरू दुसऱ्याच्या नावानं मातीत जाणार न्हाई. तू फौजी हायस, शिकलेला हायस. तू सांग. मोठ्यानं सांग."

मी काठावर सावधान उभा राहिलो. रिपोर्ट वरच्या हुद्द्याला देतात. मी तिच्याकडे तोंड करून दिला.

"नाईक बसवराज मल्लिकार्जुन बिरादार. काल ड्युटीवर, जायरोकॉप्टरच्या टेक-ऑफमध्ये, मागच्या सीटवर, हुकमानं बसलेले असताना गेले. ती सीट हवालदार व्यंकट कदम याची होती. तो जिवंत आहे, आणि तोच हे सांगतो आहे."

शिवेपलीकडून आलेल्या पाहुण्यांना मराठी येत नव्हती. बसूच्या मामांनी माझं बोलणं शब्दाशब्दानं कानडीत सांगितलं. मामा माझ्या नावापाशी आले तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

अव्वानं शेवटपर्यंत ऐकलं. मान हलवली.

"बरोबर," ती म्हणाली. "आता माती द्या."