पाय लावण्याआधी
जुन्या एक्स-रे फिल्मचा आंबूस वास आला की मला पणदऱ्याचे एक आबा आठवतात. नव्वदच्या दशकात बारामतीत माझा दवाखाना नवा होता. मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली, आणि पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असा आमच्याकडे समज. आबा आले ते थेट फरशीवर पालथे पडले. “बाई, गोळ्या नगं. पाय लावा आन् मोकळं करा.” मी म्हटलं, “आधी फोटो, मग पाय.” ते कुरकुरत उठले. ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरताच मी ओळखलं: दोन मणक्यांमधली फट बुजली होती, कडा कुरतडल्यासारख्या. मणक्याचा क्षय! त्या पाठीवर जोर दिला असता तर आबांचे पाय लुळे पडले असते. दीड वर्ष औषध घेऊन ते आपल्या पायांनी पायऱ्या चढून आले आणि पुन्हा पालथे पडले. “आता तरी लावा की!” मी नवा फोटो नीट पाहिला, चप्पल काढली आणि अंगठा हलकेच टेकवला. आबा उठून म्हणाले, “बघा, गेली का न्हाय उसण?” पणदऱ्यात आजही माझ्या पायाचंच नाव निघतं, डोळ्यांचं कुणी काढत नाही.