ढाब्यावर जेवून येणारा बाप

उमरग्याच्या रुकसानाचं डोकं एरवी थंड. पण नवऱ्याच्या ट्रकचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मुजफ्फर आठ-पंधरा दिवसांनी हैदराबादच्या फेरीवरून यायचा तो पिशवीभर कुरकुऱ्यांची पाकिटं, क्रीमची बिस्किटं, रंगीत पाण्याच्या बाटल्या घेऊन. सहा वर्षांची शबनम धावत सुटायची. पुढं चार दिवस ती भाकरीकडं ढुंकून बघायची नाही.

अशात पोरगी खेळता खेळता धापा टाकायला लागली. डॉक्टरनं रक्त तपासलं, तर लई कमी. "घरात हिला खायला काय देता?" त्यानं भरल्या दवाखान्यात विचारलं. रुकसाना शरमेनं अर्धमेली झाली. लाड बापानं करायचे अन् बोलणी आईनं खायची! वा रे न्याय!

त्या दिवसापासून ती शिलाईचं मशीन सांजच्याला लवकर बंद करू लागली. शबनमला शेजारी बसवायची, पिठाचा गोळा हातात द्यायची. पोरगी तळहाताएवढी भाकरी थापायची आणि स्वतः केली म्हणून मेथीच्या भाजीसंगं, शेंगाचटणीसंगं चाटूनपुसून खायची. महिनाभरात तोंडावर जरा तरतरी आली.

रुकसानानं फोनवर मुजफ्फरला बजावलं, "एक जरी पाकीट आणलं तर उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवू नका!"

या खेपेला तो खरंच मोकळ्या हातानं आला. शबनम धावत गेली, त्याचे हात बघितले, केबिनमध्ये डोकावली आणि मुकाट्यानं घरात परतली.

"झालं समाधान?" मुजफ्फर तडकला. "आता पोरगी माझ्याकडं येईल कशाला?"

"लाज वाटू द्या जरा!" रुकसाना कडाडली. "पाकिटं देऊन लेकरू इकत घ्यायचं असतं व्हय? ढाब्यावर पोटभर जेवून येता अन् घरी नुसते घोरता! तिच्याजवळ बसून कधी एक घास खाल्लाय? चला आत, बसा!"

मुजफ्फर गुमान आत आला, लेकीशेजारी मांडी घालून बसला. रुकसानानं त्याच्यापुढं ताट सरकवलं. शबनम त्या ताटाकडं बघतच राहिली.

"अम्मी," तिनं हळूच विचारलं, "अब्बा भाकरी खातात?"

रुकसानानं तव्यावरची भाकरी उचलली आणि मुजफ्फरच्या ताटात आदळली.

"सांगा आता तिला!"