आबा मागं सरकले

आमचे आबा वारल्यानंतर लहान होत गेले.

म्हणजे फोटोत हो! कसबा बावड्यातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत माझी गणिताची शिकवणी चालते, तिथंच भिंतीवर वडिलांचा हा फोटो. वर्षश्राद्धाच्या सकाळी आई म्हणाली, "जरा मोठा करून आण की. मला ह्यांचं डोळंच दिसंनात."

जुना फोटो काचेला चिकटलेला, काढताना फाटला. पण स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरात होता. तो म्हणाला, "सर, इंचात सांगा."

"इंच गवंड्याला सांगायचं! मी गणिताचा मास्तर हाय. वीस टक्के वाढवा!"

मोठा फोटो चौकटीत मावेना. चौकट आबांनीच आणलेली (जिवंतपणी! हौशी माणूस), ती बदलायची नाही हा आईचा हुकूम. मी रुबाबात परत गेलो. "वीस वाढवलंत न्हवं? आता वीस कमी करा. झालं जिथल्या तिथं!"

घरी येऊन बसवला, तर चारी बाजूंनी पांढरी पट्टी. आई गप्प झाली. (आई गप्प होणं हीच आमच्याकडं भुताटकी!)

"मशिनीत खोट हाय," म्हणत मी पुन्हा वीस वाढवायला लावले, वीस कमी करायला लावले. घरी आणून बसवला, तर आबा आणखी लहान! तेवढ्यात भर दुपारी लाईट गेली. खोलीत उदबत्तीचा धूर, रुंदावलेली पांढरी पट्टी, आणि मधोमध आबा, लांबून टक लावून बघणारे. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मागं सराय लागल्यात रं," आई रडायलाच लागली. "वरीस झालं, आता जातो म्हणत्यात. मुरगूडची आत्या येस्तवर दिसंनासं व्हत्याल! थांबीव की त्येंला!"

कसं थांबवू? नजर चुकवायला मी वळलो. आबांच्या बरोबर समोर माझा फळा. त्यावर माझ्याच सुवाच्य अक्षरात कालचा धडा:

'शंभरात वीस टक्के वाढ, झाले एकशेवीस. आता एकशेवीसचे वीस टक्के म्हणजे चोवीस. ते गेले, उरले शहाण्णव! गाढवांनो, ही चूक करू नका.'

लाईट येताच मी मुकाट्यानं स्टुडिओ गाठला. "पावणं, इंच लिहून घ्या."

आत्या यायच्या आत आबा चौकटीत काठोकाठ बसले. आईनं डोळे पुसले, फोटोकडं बघितलं, मग फळ्याकडं, मग माझ्याकडं.

"चाळिशी कपाटातच ऱ्हायली न्हवं का त्येंची! फळा वाचाय मागं सरकत हुतं. पोरगं गाढव कुणाला म्हणतंय, बघाय नको?"

मी उठलो, 'गाढवांनो' पुसलं आणि तिथं 'सर' लिहिलं.