पंच्याहत्तर टक्के हजेरी

लेकीच्या कबड्डीमुळे परळच्या तिच्या कॉलेजातला जिमखान्याचा क्लार्क मला दरवर्षी भेटतो. तो फॉर्मवर पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचतो आणि नकार देण्याआधी चष्मा पुसतो. यंदा स्पर्धेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी त्याने चष्मा पुसला.

"ताई, हजेरी एकाहत्तर टक्के. मुलगी खेळू शकत नाही."

"अहो, तुमच्याच कॉलेजकडून खेळायला गेली होती ना!"

"तसं लिहून कोणी दिलंय?"

मी भांडणार, तोवर त्याने मस्टर आणलं, सामन्यांचे दिवस मोजले, अर्ज स्वतः लिहिला आणि प्राचार्यांची सही आणली. हजेरी अठ्ठ्याहत्तर टक्के झाली.

"नियमातच आहे हे. पोरं वाचत नाहीत, आया नुसत्या भांडतात."

मी आभार मानले.

"थांबा. फोटोत कान दिसत नाहीत. स्टुडिओ समोर आहे. पाचला मी कुलूप लावतो."

माझ्या शेजारी उभी असलेली लेक धावली. तिच्यामागे मीही.