चंपतरावांची आंबट झाडं

चंपतराव धोटे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. माणूस वाईट नव्हता. आपल्या फाटकाची कडी कुणी वाजवू नये, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती.

याला कारण होतं. रामदासपेठेत ते भाड्याने राहत, तिथे त्यांच्या खोलीला लागून घरमालकाचा पेरू होता. पेरू पिकले की अर्धी पेठ दारात. दुपारी डोळा लागावा तर टिनाच्या छपरावर दगड. वरून घरमालक विचारणार, "चंपतराव, तुम्ही घरीच होते ना?"

त्र्याहत्तर साली नंदनवन वस्तीत त्यांचं स्वतःचं घर झालं. गोपिकाबाई अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "एक पेरू, एक आंबा, एक संत्रं लावू."

"अन् लोकायची पंगत कुठं बसवू?"

"अवो, अंगण हाय, झाडं नकोत का?"

बरीच धुसफूस झाल्यावर असं ठरलं की फळझाडं लावायची, पण निवड चंपतरावांची.

रविवारी ते नर्सरीत गेले. मालक बळीराम समोर आला.

"फळ पाहून माणूस पुढं निघून जाईल, असं झाड द्या," चंपतराव म्हणाले.

बळीरामनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "मग अशोक लावा ना, साहेब."

"फळ पाहिजे गा. बायको ऐकत नाही."

"लिंबू नेता?"

"लिंबू तर शेजारी रोज मागतात!"

शेवटी फाटकाजवळ लावायला रायआवळा घेतला आणि कुंपणाला करवंदाची रोपं, काट्यांसाठी. रायआवळ्याचं बारीक, पिवळसर फळ तोंडात टाकलं की माणसाचे कानसुद्धा हलतात. चंपतरावांनी एक चाखून पाहिलं, चेहरा होता नव्हता तेवढा गोळा केला आणि समाधानानं म्हणाले, "हेच द्या."

झाड फळाला आलं, तरी तीन-चार वर्षं सुखात गेली. पोरं यायची, एकेक फळ चाखायची, थुंकायची आणि दुसऱ्या गल्लीत जायची. चंपतराव व्हरांड्यात पेपर वाचत हे पाहायचे आणि पान उलटायचे.

मग एका एप्रिलच्या भर दुपारी कडी वाजली. बाहेर शेजारच्या तुळसाबाईंची नवी सून वच्छला उभी होती. नजर चंपतरावांकडे नव्हतीच, झाडाकडे होती.

"काकाजी, चार रायआवळे देता?"

"लय आंबट हाय वं, बाई. दात आंबतील."

"चालते."

"घशाले त्रास होईल."

"होऊ द्या."

असं म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. तेवढ्यात गोपिकाबाई आल्या, वच्छलेकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता तिची ओंजळ भरली. वच्छला लाजून पळाली.

"तिले काहून दिले?" चंपतराव कुरकुरले.

"तुम्हाले नकाशातलं सगळं दिसते, समोरचं दिसत नाही," गोपिकाबाई म्हणाल्या. "डोहाळे लागले तिले."

चंपतरावांनी झाडाकडं पाहिलं. पोटुशी बाई दारात येऊन आंबट मागते, तिला नाही कसं म्हणणार? एवढ्या वर्षांत हा हिशेब काही त्यांनी धरला नव्हता.

वच्छला रोज येऊ लागली. चौथ्या दिवशी कुंपणापलीकडून तुळसाबाईंनी विचारलं, "चंपतराव, आमची सून तुमच्याकडं काय नेऊन राहिली?"

सुनेनं अजून सासूला सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. आपण होऊन कुणाशी न बोलणारे चंपतराव घाईघाईनं बोलून गेले, "लोणच्याले नेते."

"कोणतं लोणचं? घरात तर नाही दिसलं."

"मुरून राहिलं असंल."

बातमी कळल्यावर तुळसाबाई हरखल्या, पण ते लोणचं काही विसरल्या नाहीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. बायकांच्या त्या घोळक्यात एका पुरुषाला मुद्दाम बोलावणं आलं. चंपतरावांना व्हरांड्यात पाट मांडला होता. तुळसाबाईंनी स्वतः वाढायला घेतलं: चिंचेचं सार, अंबाडीची भाजी आणि रायआवळ्याचं लोणचं, तेही वाटीभर.

"खा ना! मुरलं हाय आता."

आतून बायका तोंडाला पदर लावून पाहत होत्या. चंपतरावांनी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर वाटी संपवली. पुढचे दोन दिवस त्यांना मऊ पोळीसुद्धा चावेना; गोपिकाबाईंनी दूधभात कालवून दिला आणि हसू येईल म्हणून त्यांच्याकडं पाहायचं टाळलं.

त्या जेवणानं झाडाची कीर्ती चार गल्ल्यांत गेली. दर उन्हाळ्यात कडी वाजू लागली. कुणाच्या घरी काय आहे, हे चंपतरावांना सासवांच्या आधी कळायचं, आणि ते कुणाला सांगायचे नाहीत. कचेरीतून आले की आधी झाडाखाली जाऊन पिकलेली फळं वेगळी काढून ठेवत. कुरकुर मात्र तशीच चालू होती. ती थांबली असती तर गोपिकाबाईंनी डॉक्टरच बोलावला असता.

पलीकडच्या गल्लीतले मनोहरराव बायकोच्या पाचव्या डोहाळ्यांसाठी पिशवी घेऊन आले, तेव्हा चंपतराव शिडीवरच होते. त्यांनी वरूनच पाहिलं.

"पुन्हा?"

मनोहररावांनी मान खाली घातली.

"मनोहरराव, झाड माझं एकच हाय गा!"

एवढं बोलून त्यांनी फांदी खाली वाकवली आणि पिशवी धरायला सांगितली.