खालांच्या वेलीला घातलेलं पाणी

फोन आला तेव्हा मी देवळाच्या कट्ट्यावर उभी होते. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे, तिथे रेंज येते ती फक्त त्या कट्ट्यावर. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते आणि रोज दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर काही आलंय का ते बघायला तिथे जायचे. फोन महाडच्या शेजारच्या नसीमभाभींचा होता. "शितल, बस गो कुठंतरी आधी," त्या म्हणाल्या. मी बसले नाही. "खाला गेल्या. पहाटे नमाजला उठल्या, चहा घेतला, परत आडव्या झाल्या त्या झाल्याच." मी "बरं" म्हणाले. असं कुणी सांगितल्यावर काय म्हणायचं असतं ते मला आजही माहीत नाही, पण "बरं" म्हणायचं नसतं एवढं नक्की.

महाडला खालांच्या घरी पोहोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. खालच्या खोलीत पुरुष बसले होते, वरच्या मजल्यावर बायका. माझी खोली वरच होती, तिच्यासमोरच्या लांबट गॅलरीत चटया अंथरल्या होत्या आणि बायका कुराणाचे सिपारे वाचत होत्या. मी माझ्याच खोलीच्या दाराशी पाहुण्यासारखी उभी राहिले. कुणीतरी सरकून जागा दिली. वर हुकाला खालांची वेल टांगलेली होती, रंगाच्या जुन्या डब्यात, नेहमीसारखी. मी तिच्याकडे बघत बसले. रडू आलं नाही. येईल असं वाटत होतं, म्हणून रुमाल हातात धरून ठेवला होता.

मैमूनाखाला माझ्या कुणी लागत नव्हत्या. मोठ्या पुरानंतर त्यांच्या घराचं प्लॅस्टर करायला माझे बाबा होते, गवंडीकाम करतात ते. काम चालू असताना बोलता बोलता बाबा म्हणाले की पोरगी बारावी झालीय, कॉलेजला घालायची तर रोज एवढ्या लांबून येणं जमणार नाही. खाला म्हणाल्या, "वरची खोली रिकामी हाय. पाठव तिला." आमच्या घरात मी पहिलीच कॉलेजला जाणारी. वाडीत दोन-चार जणांनी नाकं मुरडली, आजीला माझ्या जेवणाची काळजी लागली. बाबांनी चाचरतच ते खालांना सांगितलं, तर त्या हसल्या. "स्टोव्ह वेगळा देते तिला. तिचं ती शिजवील, वास माझा मी घेईन." पुढे दोन वर्षं त्यांनी वास घेतला आणि बहुतेक वेळा खालूनच ओरडून सांगितलं, "शितल, लसूण करपला गो!"

खालांचे यजमान बरीच वर्षं आखातात होते, ते वारून दहा वर्षं झाली होती. मुलगा अश्फाकभाई कतारला एसीचं काम करतो. घरात खाला एकट्या, आणि ही वेल. तिची पानं जाड, गुळगुळीत, मेण चोळल्यासारखी. लांब लांब दोर सोडत ती गॅलरीच्या ग्रिलवर सुतळीच्या आधाराने पसरली होती. तुडीलला, माहेरी, भावजयीकडून दोन पानांची कांडी आणली होती म्हणे, अश्फाकभाई शाळेत असताना. पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं. "फ्रीज गेला, कपाट गेलं, लग्नाचे फोटो गेले," खाला बोटांवर मोजत सांगायच्या. "ही वर टांगलेली म्हणून राहिली. आन् मी, जिन्यावर बसलेली."

मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे मला वाटायचं की आपल्याला झाडांतलं थोडं कळतं. पहिल्याच वर्षी मी वेल साफ करायला घेतली. पानांच्या बेचक्यांतून आखूड, वाळल्यासारख्या काड्या बाहेर आलेल्या होत्या, त्यांना ना पान ना फूल. चांगल्या सात-आठ काड्या कात्रीने कापल्या आणि अभिमानाने खालांना दाखवल्या. त्या काड्या त्यांनी हातात घेतल्या, एकेक निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "ही फुलाची काडी हाय. फूल गळलं तरी काडी ठेवायची. दर साली तिथंच फुलते ती, नवी जागा शोधत नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रीपर्यंत मी खाली गेले नाही. मग जिन्यातून आवाज आला, "ओ बॉटनीवाली! जेवलीस का? का जेवणाचीपण काडी कापलीस?"

त्या वर्षी फुलांचे दोनच गुच्छ आले. चांदण्यांसारखी फिकट गुलाबी फुलं, साखरेची केल्यासारखी, आणि संध्याकाळ झाली की गोड वास. प्रत्येक फुलातून मधाचा थेंब खाली लोंबायचा. तो फरशीवर पडून मुंग्या यायच्या, आणि खाला मुंग्यांना शिव्या घालत फरशी पुसायच्या, पण डबा तिथून हलवायच्या नाहीत. कळ्या असताना हलवलं तर रुसते, कळ्या टाकते, असं त्यांचं म्हणणं. मी कॉलेजात मॅडमना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं, शिवाय नावही सांगितलं, होया. खालांना मी ते सांगितलं. "होया? हे काय नाव? जांभई दिल्यासारखं," त्या म्हणाल्या, आणि नंतर कधी जांभई दिली की मुद्दाम "होऽऽया" म्हणायच्या.

पाण्याचा त्यांचा एकच नियम होता. वार नाही, वेळ नाही. एक पान अंगठा आणि बोटात धरून हळूच दुमडून बघायचं. ताठ राहिलं तर पाणी नाही. सहज वाकलं तर पेलाभर. "तहान लागली का ते तिला विचारायचं. आपल्या मनाला वाटलं म्हणून नाय घालायचं." कधी पंधरा दिवस त्या पाणी घालत नसत. मला भीती वाटायची. त्या म्हणायच्या, "लाडानं मरते ही. उपाशी नाय मरत."

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पुढचं लिहायला जड जातं...

पहिल्या दिवशी दासगावहून खालांची चुलत बहीण आली. बसली, रडली, डोळे पुसले, मान वर केली तर समोर वेल. "हाय रे, हिला कोण पाणी देणार आता?" म्हणत तिने हातातल्या पेल्यातलं उरलेलं पाणी डब्यात ओतलं. मग नसीमभाभींच्या सासूबाईंनी. मग आणखी कुणी. तीन दिवस माणसं येत राहिली. त्या घरी चूल पेटत नव्हती, शेजारच्या घरांतून डबे येत होते. येणाऱ्या बाईला काही ना काही करायचं असायचं, आणि करण्यासारखं तिथे काही उरलेलं नव्हतं. प्रत्येकीला वाटायचं, खालांची वेल तहानलीय. प्रत्येकीने पेलाभर घातलं. मी कोपऱ्यात बसून बघत होते. दोनदा तोंड उघडलं. "नको, तिला लागत नाही," एवढं बोलायचं होतं. पण मी कोण? भाडेकरू, तीही परक्या घरातली, आणि रडणाऱ्या बाईचा हात धरून तिला पाणी घालू नका म्हणायचं... मी गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी, जियारतच्या दुआला सगळे जमलेले असताना डब्यातून पाणी टपकायला लागलं, खाली चटईवर, वाचणाऱ्या बायकांच्या अंगावर. कुणीतरी म्हणालं, "शितल, बघ गो काय करता येतं." मला बरं वाटलं, खरं सांगते. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणी मला काम सांगितलं होतं. मी खोलीतून प्लास्टिकची पिशवी आणली, स्टुलावर चढले आणि डब्याच्या बुडाला पिशवी गच्च बांधली, दोन गाठी मारून. टपकणं थांबलं. "शाबास," दासगावची मावशी म्हणाली.

त्याच संध्याकाळी अश्फाकभाई कतारहून आले. दफनाला पोहोचता आलं नव्हतं. खाली सगळ्यांना भेटून वर आले आणि वेलीखाली उभे राहिले. मग मोरीतून तांब्या भरून आणला आणि सगळा डब्यात ओतला, सावकाश, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. मला वाटलं, कबरीवर घालता आलं नाही ते पाणी... कोण थांबवणार होतं त्यांना? मी तर नाहीच.

दहा दिवसांनी त्यांची रजा संपली. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देत म्हणाले, "शितल, खोली सोडू नको. घर उघडं राहू दे. आणि अम्मीची वेल बघ, बस." मी हो म्हणाले.

मग कॉलेज सुरू झालं. मी जात होते, येत होते, प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण करत होते. सगळं व्यवस्थित चाललं होतं, फक्त मला काही वाटत नव्हतं. मैत्रिणी विचारायच्या, बरी आहेस ना? मी हो म्हणायचे आणि ते खोटंही वाटायचं नाही. घरी आले की एक पान बोटात धरून दुमडायचे. आठवड्यानंतर एका दिवशी पान सहज वाकलं. तहान लागली, मी समजले. पेलाभर घातलं. चार दिवसांनी पान आणखी मऊ. पुन्हा पेलाभर. खालांचा नियम मी अगदी मनापासून पाळत होते.

मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही, आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेल्यासारखंच मऊ पडतं. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलेलं आहे. परीक्षेत मी लिहिलेलंही आहे.

पानं पिवळी होऊन गळायला लागली तेव्हा मी डबा उतरवला. तो एवढा जड होता की स्टुलावरून माझा तोल गेला. पिशवी तशीच बांधलेली होती, माझ्या दोन गाठींसकट. सोडली तर काळं पाणी फरशीभर झालं, घाण वास सुटला. मुळं बोटाला लागताच निसटून येत होती. मी फरशी पुसली, दोनदा फिनेल घातलं. मग हात धुतले आणि अभ्यासाला बसले. त्या दिवशी काय वाचलं ते मला सांगता येईल, पानाच्या नंबरासह. एवढंच सांगता येईल.

अश्फाकभाई दर शुक्रवारी, नमाजनंतर व्हिडिओ कॉल करायचे. घर बघायचे, खालांची खुर्ची, जिना. "वेल दाखव." त्या शुक्रवारी मी म्हणाले, रेंज नाही. पुढच्या शुक्रवारी मी लांबून ग्रिल दाखवलं, जिथे सुतळीला वाळके दोर अजून अडकलेले होते. उजेड कॅमेऱ्यावर येत होता, त्यांना नीट दिसलं नसावं. "मस्त," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जिन्यावर बसून होते. किल्ल्यांचा जुडगा घेऊन नसीमभाभींकडे द्यावा आणि वाडीला निघून जावं, असं ठरवलंही. बॅग भरली नाही, पण ठरवलं होतं.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी विचारायच्या आधी मीच बोलले. पिशवी मी बांधली, सोडायची राहिली, पान मऊ लागलं म्हणून वर आणखी पाणी घातलं, आणि वेल गेली. अडखळत, पण सगळं सांगितलं. बायकांचं पाणी सांगितलं नाही. त्यांच्या तांब्याचंही नाही. तिकडे ते कुठल्यातरी गच्चीवर उभे होते, मागे एसीच्या पेट्यांची रांग. काही वेळ ते पेट्यांकडेच बघत राहिले.

"मीपण तांब्या ओतला होता," ते म्हणाले.

"हो."

"तुला ठाऊक होतं, घालायचं नाय?"

"हो."

"मग बोललीस का नाय?"

 खरं उत्तर एवढंच होतं की मला धीर झाला नाही, आणि ते फोनवर सांगायलाही धीर होत नव्हता.

"अम्मी असती ना," ते शेवटी म्हणाले, "तर आपल्या दोघांना त्या डब्यात उभं केलं असतं." मग चेहरा बाजूला वळवला. थोड्या वेळाने विचारलं, "सगळीच गेली?"

सगळीच गेली नव्हती. ग्रिलच्या अगदी वरच्या टोकाला दोरांची तीन शेंडकं हिरवी होती. डबा उतरवला त्याच दिवशी मी ती कापून घेतली होती, दोन-दोन पानांची. चीक वाळू दिला आणि नारळाच्या सोडणाच्या भुशात वाळू मिसळून तीन प्लास्टिकच्या कपांत लावली. कपांना बुडाशी भोकं पाडली, लागतात त्याहून जास्तच. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण जगतील याची खात्री नव्हती. आता सांगितलं. "दाखवू नको," ते म्हणाले. "लागल्यावर दाखव."

एक कांडी आठवड्यात काळी पडली. दुसरी खाला गेल्याच्या चाळीसाव्या दिवसाच्या आसपास. तिसरी तशीच राहिली. नवं पान नाही, कोंब नाही, सुकणंही नाही. थंडीचे दिवस, या दिवसांत ती हळू वाढते, हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी बघताना कळायचं नाही की ही जिवंत आहे की मेल्याचं अजून तिला कळलेलं नाही. मी तिला हात लावत नव्हते. मुळं धरली का हे बघायचा एक उपाय असतो, अगदी हलकं वर ओढून बघायचं. तो मी टाळत होते.

गेल्या शुक्रवारी अश्फाकभाई म्हणाले, "ओढून बघ आता."

"तुटली तर?"

"तर तुटली. आपण दोघं आहोत ना इथं."

मी फोन खिडकीत टेकवून ठेवला. कांडीला दोन बोटांत धरलं आणि ओढलं, अगदी थोडं. ती आली नाही. पुन्हा, जरा जोर लावून. भुसा थोडा उचलला गेला, पण कांडी आली नाही. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी होती.

"धरलंय," मी म्हणाले.

 मी कप उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. दाखवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, दोन पानं आणि बोटभर काडी. तरी ते बघत राहिले, आणि मी कप धरून राहिले, हात भरून आला तरी.